जगाचे रस्ते आणि शेठजींचं बटण

"बंद कर! बंद करून चालू कर अबे! वर काय माकडासारखा टांगून राह्यला?"

शेठजी खालून, दुकानाच्या दारातून ओरडत होते आणि मी गच्चीवर वायरींच्या गुंत्यात होतो. त्यांचा आवाज शेलूबाजारच्या फाट्यावर पोचला की कारंजाकडे निघालेली जीप आपोआप थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मीही वरून ओरडलो, "शेठजी, बटणाले हात लावू नका जी!" तोवर खट्ट. मागच्या खोलीतली घरघर थांबली आणि अख्ख्या गावाचं इंटरनेट गेलं.

दुकान शेठजींचं, पंखे-मिक्सर-टीव्हीचं. मागच्या खोलीत आमचं भागीदारीतलं इंटरनेट. शहरातल्या कंपन्या आपल्या वेशीवर लोखंडी पेटीचा महागडा राउटर बसवतात. आमच्या वेशीवर होता बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर. त्यात मी फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं आणि त्याला राउटर केलं. वाशिमकडून एक लाइन, अकोल्याकडून दुसरी. जगातल्या कुठल्या ठिकाणाला कुठल्या लाइनीनं जवळ पडतं, हे दोन्हीकडचे राउटर आमच्या या कॉम्प्युटरच्या डब्याला सांगत राहायचे. दहा लाखांच्या वर रस्ते! 'काही कळलं नाही तर ढकल अकोल्याकडे' अशी एक ओळ लिहिली असती तरी आसेगावापर्यंतच्या गिऱ्हाइकांचं भागलं असतं. पण मला पुरं जग पाहिजे होतं. ब्राझीलच्या गल्लीत कोणत्या बाजूनं शिरायचं ते आमच्या मागच्या खोलीला ठाऊक आहे, असं मी लग्नाच्या पंगतीत सांगायला लागलो की लोक वाढप्याला थांबवून ऐकायचे. निदान दोघं तरी.

एकच भानगड होती. डबा बंद केला की सगळं विसरायचा, आणि चालू केला की पुन्हा पहिल्या रस्त्यापासून पाठांतर. त्याला वेळ लागतो. आणि शेठजींचं सगळं आयुष्य एका औषधावर चाललेलं. मिक्सर अडला, बंद करून चालू. टीव्हीला मुंग्या आल्या, बंद करून चालू.

त्या दिवशी चार वाजता त्यांच्या सूनबाईची मुलाखत होती. पुण्यातल्या कंपनीचं घरबसल्या करायचं काम, मुलाखतही कॅमेऱ्यावर. शेठजींनी हो म्हणताना अट घातली होती, एक डाव खेळून पाहा, नाही जमलं तर दुकानात गल्ल्यावर बसायचं. मोबाइलवर बोलणं व्हायचं, पण चित्र दिसायला हायवेवर जाऊन जीप थांबवल्यासारखा हात वर धरावा लागे. म्हणजे पोरीची नोकरी आमच्या डब्यावर.

आणि दुपारीच रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं वाशिमची लाइन तोडली, म्हणून मी गच्चीवर वायरी पाहायला चढलो. डब्यानं मुकाट्यानं सगळा बोजा अकोल्यावर घेतला. असा शहाणा डबा! पण तेवढ्यात वरच्या मजल्यावर कॅमेरा लावून पाहणाऱ्या सूनबाईचं चित्र क्षणभर अडकलं आणि शेठजी ओरडत बटणावर धावले. तेच ते पहिलं खट्ट.

मी जिन्यावरून उडी मारली, सात-आठ पायऱ्या तर हवेतच गेल्या. डब्याचं पाठांतर सुरू झालं. अर्धे रस्ते आले की अर्धंच जग लागतं. एका गिऱ्हाइकाचा फोन, "भाऊ, अमेरिका लागून राह्यली, पण आपली बँक काहून नाही लागत?" दुसऱ्याचं नेमकं उलटं. शेठजींनी दोन्ही ऐकलं आणि माझी पाठ वळताच, खट्ट.

"अहो, रस्ते भरत आलते ना त्याचे!"

"भरत आलते मंग चालला काहून नाही? तू तर म्हणतो त्याले जग पाठ हाय!"

मी चिडून एक सेटिंग बदललं आणि खरं सांगतो, पुढच्या वेळी बटण मीच दाबलं. मग पुन्हा त्यांनी. मग कोणी, ते आठवत नाही. चाराला थोडाच वेळ उरला होता. तेव्हा अकोल्याच्या लाइनवाल्याचा फोन आला.

"काय लावलं बाप्पा तुमी? तुमचा पत्ता येते, जाते, येते, जाते. पुढच्या राउटरांनी वैतागून तुमचं नावच बाजूले ठेवलं. आता अर्धा तास काहीच करू नका."

"काहीच म्हणजे?"

"काहीच म्हणजे काहीच. हात लावला का तुमची शिक्षा अजून वाढते."

असा उपाय शेलूबाजारात कोणाला सांगायचा असतो? मी मागच्या खोलीच्या दारात, बटणाच्या आड खुर्ची टाकून बसलो. शेठजी समोर. ते उठले, पंख्याचा वेग वाढवला, कमी केला, गिऱ्हाइकाला न विचारता चार टॉर्च लावून दाखवल्या. गुडघा तर असा हलत होता की काउंटरवरचे मिक्सर थरथरून एकमेकांकडे सरकले. माझी बोटं खिशात नाचत होती.

"पाहू दे ना जरासं."

"नाही."

"नुसतं पाहतो."

"तुमी डोळ्यानं नाही पाहत शेठजी, बोटानं पाहता."

चार वाजले. वरून काही आवाज नाही. शेठजी हळूच म्हणाले, "पोरगी हुशार हाय रे." मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज एवढा लहान ऐकला. आम्ही दोघंही जिन्याकडे पाहत राहिलो, आणि दोघांपैकी एकालाही वर जायचा धीर झाला नाही.

साडेचारला स्क्रीनवर रस्ते भराभर उतरायला लागले. बँक लागली, अमेरिका लागली, ब्राझील तर नक्कीच लागलं असणार. मी नाचलो. शेठजी नाचले नाहीत.

सूनबाई जिन्यावरून खाली आली. चांगली साडी, केस नीट बांधलेले, हातात मोबाइल. शेठजी उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

"झाली का बेटा मुलाखत?"

"उद्यावर गेली," ती म्हणाली. "त्यायचा फोन आलता. त्यायच्याकडचंच नेट बंद हाय."