चौपट वयाची ताई

लेकाचं वय बापापेक्षा जास्त आलं, आणि माझ्या पोरीनं त्या उत्तराखाली शांतपणे दोन रेघा मारल्या. मी म्हटलं, अगं बये, बापाआधी लेक जन्मला कसा? तर म्हणे, एक्स इतना ही आ रहा है. लखनौच्या इंदिरा नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात त्या हिवाळ्यात रोज हेच चाललेलं. मेथी निवडायची तशीच पडलेली आणि मी लाटणं हातात धरून वयांची गणितं समजावतेय.

नवऱ्याची नोकरी हवाई दलातली. आठवीपर्यंत पोरीच्या चार शाळा झाल्या होत्या, आणि आता बदली यायची होती ती थेट पूर्वेच्या टोकाला. लखनौतच मुलींची एक चांगली हॉस्टेलवाली शाळा होती. नववीसाठी प्रवेश परीक्षा, पेपर हिंदीतून. तिथे लागली तर बारावीपर्यंत एका जागी राहणार, नाहीतर पुन्हा परका वर्ग. "मला आता परत नव्या वर्गात उभं राहून नाव सांगायचं नाहीये," असं ती एकदा म्हणाली, तेही मराठीत. एरवी मी मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असंच आमचं चालतं. ती मराठीत आली म्हणजे आत काहीतरी दुखलंय, हे मला कळतं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

मी साताऱ्याची. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि जिभेनं तिखट. तिला एकच घोकवलं होतं: उत्तर आलं की ताळा कर. आधी आकडे परत गणितात घालून बघ, मग माणसांकडे बघ, अशी माणसं जगात असतात का ते. तिच्या तोंडात ळ काही बसत नाही. ताळ्याचा 'ताला' व्हायचा, आणि ताला म्हणजे हिंदीत कुलूप. पेपर में ताला लगाके आऊँ क्या, म्हणून मला चिडवायची. मीही लाटणं उगारायची, पण खरं सांगायचं तर तिचा रागच यायचा. इथे माझी झोप उडालेली आणि ही बाईसाहेब मजेत तीळगुळाची गजक चघळतेय.

परीक्षेच्या दिवशी धुकं इतकं होतं की शाळेचं फाटकसुद्धा धड दिसेना. आम्ही आया बाहेर फूटपाथवर शाली गुंडाळून बसलो होतो. चहा घेतला, तो हातातच गार झाला. देवाला काय काय बोलले ते आता सांगवत नाही.

सुटल्यावर पाण्याची बाटली द्यायच्या आधीच मी विचारलं, वयाचं गणित आलं होतं? आलं होतं. एका मुलीच्या ताईचं वय मुलीच्या चौपट आहे, सहा वर्षांनी तिप्पट होईल, तर दोघींची आजची वयं काढा. उत्तर काय आलं? मुलगी बारा, ताई अठ्ठेचाळीस.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हिची सख्खी ताई पुण्यात शिकते, हिच्याहून पाच वर्षांनी मोठी. आणि ही छत्तीस वर्षांनी मोठी ताई पेपरात लिहून आली! भर रस्त्यात मी तिला फाडफाड बोलले. बहीण आहे की आजी, माणसांकडे बघायचं सांगितलं होतं ना, झालं, गेली शाळा हातची. ती मध्येच काहीतरी सांगू बघत होती, पण मी कुठली थांबतेय.

शेजारी एक बाई आपल्या मुलीला मफलर गुंडाळत होत्या. त्या म्हणाल्या, "बहनजी, ताई तो ताऊ की बीवी होती है. इतनी ही बड़ी होगी."

ताऊ म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. म्हणजे ही ताई बहीण नव्हेच, मोठी काकू! आमच्या गल्लीत सगळे बड़ी मम्मी म्हणतात, त्यामुळे हा शब्द आम्हा दोघींच्या कानावर कधी पडलाच नव्हता. मला एकदम हसू फुटलं. पोरगी हसली नाही.

"मलापण ते खोडावंसं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण ताला जुलला होता, आई. तू ऐकलंच नाहीस."

सगळं मराठीत. मी बाटलीचं झाकण उघडत बसले, ते काही उघडेना.

शाळा मिळाली. जुलैत तिला हॉस्टेलवर सोडायला गेले तेव्हा ट्रंकेला नवं कुलूप घेऊन गेले होते. तिनं ते लावलं, ओढून बघितलं, आणि डोळे मिचकावून म्हणाली, देख, ताला कर लिया. मला बरं वाटलं. म्हटलं, रमेल ही. खोलीतल्या मुलींशी तिची हिंदीत बडबड सुरूही झाली होती. मी निघाले, जिना उतरले, फाटकाशी पोचले, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली.

"आई, घरी पोचलीस की लगेच फोन कर."