आरसी बुकात नसलेला दांडा

माझी गाडी पंधरा वर्षांची झाली आणि तिची नोंदणी संपली. खाजगी गाडीला पुढची पाच वर्षं हवी असतील तर ती आरटीओत नेऊन दाखवावी लागते. चॅसी नंबर, दिवे, ब्रेक, काचा. एवढं मला माहीत होतं आणि त्यात काळजीसारखं काही वाटत नव्हतं. गाडी मी जपून वापरलेली.

तिच्यात एकच गोष्ट वेगळी होती. स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला एक लोखंडी दांडा होता. पुढे ढकलला की ब्रेक लागायचा, आपल्याकडे ओढला की गाडी वेग घ्यायची. गाडी घेतल्यानंतर चौथ्या वर्षी डोंबिवलीत मी बसलेली रिक्षा उलटली आणि माझा उजवा घोटा चुरडला. डॉक्टरांनी तो कायमचा सांधून टाकला. काठी घेऊन चालता येतं, पण पाऊल वाकत नाही, त्यामुळे पेडलवर नेमका दाब देता येत नाही. डावा पाय क्लचपुरता ठीक आहे.

दांडा बसवला विठ्ठलवाडीच्या एका मेकॅनिकने. तो आधी मोहने गावातल्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने स्टेशनजवळ गॅरेज टाकलेलं. त्याने मला गाडीत बसवलं, माझा हात कुठवर पोचतो ते सुतळीने मोजलं आणि आठवड्याभराने बोलावलं. नंतर तीन रविवार शेजारी बसून त्यानेच मला मैदानावर शिकवलं. "मॅडम, पाय विसरा," तो म्हणायचा. पुढची अकरा वर्षं मी कल्याणहून ठाण्याला कोर्टात अशीच गेले. मी तिथे स्टेनो आहे.

नोंदणीसाठी एजंट गाठला. त्याने आत डोकावून दांडा पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे असलं तर पास व्हायची नाही. काढून आणा, दाखवा, परत लावा. सगळे तेच करतात. कुणी सायलेन्सर बदलतो, कुणी काचांची काळी फिल्म काढतो."

मी विचार केला नाही असं नाही. पण सोपं वाटलं. मेकॅनिकने वीस मिनिटांत दांडा काढला. दुसऱ्या दिवशी एजंटाचा ड्रायव्हर गाडी घेऊन रांगेत लागला आणि मी बाजूच्या बाकावर बसले.

इन्स्पेक्टर तिशीतला असेल. त्याने बाहेरून सगळं पाहिलं, मग स्टिअरिंगखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. "इथे काय होतं?" त्याने विचारलं. ब्रेकच्या पेडलवर क्लॅम्पची घासलेली खूण होती, वर दोन भोकं होती.

"जुनी गाडी आहे साहेब, असेल काहीतरी," एजंट म्हणाला.

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. मग काठीकडे. मी कोर्टात इतक्या साक्षी टाइप केल्यात की खोटं बोलणारा माणूस बोलण्याआधी कुठे बघतो ते मला ठाऊक आहे. तो कोपऱ्यात बघतो. मीही तेव्हा कंपाउंडच्या भिंतीकडे बघत होते.

"हाताने चालवायचा दांडा होता," मी म्हटलं. "काल काढला. आज परत लावणार होते."

एजंट दोन पावलं लांब झाला. इन्स्पेक्टरने माझं लायसन्स मागितलं, वाचलं, परत दिलं.

"मॅडम, दांड्याला मनाई नाही. न कळवता लावायला आहे. आधी बदलाचा अर्ज करा, मग मान्यता असलेलं किट बसवून घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र लागेल. लायसन्सही बदलावं लागेल, त्याची टेस्ट परत द्यायची."

"मी अकरा वर्षं चालवतेय."

"चालवताय हो. पण कागदावर तुम्ही दोन्ही पायांनी चालवताय."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. गाडी नापास झाली आणि ड्रायव्हरने ती घरी आणून सोडली. मी घरी येऊन चहा केला. कप हातात घेतल्यावर मला आमच्याच कोर्टातले अपघाताच्या भरपाईचे निकाल आठवले. चालकाचं लायसन्स त्या गाडीचं नव्हतं, म्हणून विमा कंपनीने हात वर केलेले. असे निकाल मी स्वतः टाइप केले होते. आणि त्याच संध्याकाळी दांडा ओढत घरी आले होते. आपलंही तसंच आहे, हे कधीच माझ्या डोक्यात आलं नाही.

मेकॅनिकला सांगितलं तेव्हा त्याला ते लागलं. "अकरा वर्षांत एकदा तरी दगा दिला का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने फळीवरून दांडा उतरवला, फडक्याने पुसला, चष्मा लावून दारात उजेडाला धरला. मग जोडावरून नख फिरवलं.

"मॅडम, इकडे या जरा."

जोडाच्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर होती. बसवलेला असताना ती दिसलीच नसती.

"ब्रेकच्या बाजूला आहे," तो म्हणाला. "अजून वर्षभर टिकला असता. किंवा नसता."

"मला दाखवलं नसतंत तरी कळलं नसतं."

"असं कसं बोलता?" तो जवळजवळ ओरडला. "उद्या हाच परत लावणार होतो ना मी!" त्याने दांडा भंगाराच्या डब्यात टाकला आणि हात धुवायला गेला. परत यायला त्याने वेळ लावला.

प्रमाणपत्रासाठी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात दोन खेपा झाल्या. डॉक्टरांनी पाऊल धरून हलवून पाहिलं आणि अपंगत्व किती टक्के तो आकडा लिहिला. इतकी वर्षं मी प्रमाणपत्र काढलं नव्हतं. वेळ मिळाला नाही, असं सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे तो आकडा मला नको होता. हातात आल्यावर विशेष काही वाटलं नाही, फाइलला लावला.

किट बसवायला ड्रायव्हर घेऊन ठाण्याला गेले तेव्हा मेकॅनिक बरोबर आला. मी बोलावलं नव्हतं. तिथल्या माणसाला त्याने इतकं विचारलं की तो शेवटी वैतागला. परतताना मेकॅनिक म्हणाला, "हलकं आहे. आणि त्या सांध्यात त्यांनी रबर घातलंय. मला नव्हतं सुचलं."

पुढच्या तपासणीला गाडी पास झाली, आरसीवर बदलाची नोंद झाली. लायसन्सच्या टेस्टला मात्र मी पहिल्यांदा नापास झाले. नव्या किटला वेगासाठी दांडा खाली दाबायचा असतो. चढावर माझ्या हाताने सवयीने तो आपल्याकडे ओढला आणि गाडी बंद पडली. मागे कॉलेजातली पोरं रांगेत उभी होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला ते जड गेलं. दुसऱ्या खेपेला पास झाले. या सगळ्यात साडेतीन महिने गेले. तेवढे दिवस मी रिक्षाने आणि बसने फिरले. वळणावर रिक्षा कलली की मी दांडी घट्ट धरायचे.

नंतर सर्व्हिसिंगला गेले तेव्हा मेकॅनिकने सांगितलं, तसे दांडे त्याने आणखी दोन गाड्यांना बसवलेले. दोघांनाही त्याने फोन केला. एकजण लगेच गाडी घेऊन आला. दुसरा मोहन्याचा, तो म्हणाला, माझ्या गाडीला पंधरा व्हायला अजून चार वर्षं आहेत, तेव्हा बघू.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, रविवारी मीच गेलो. त्याच्या बिल्डिंगखाली दांडा उतरवून तपासला. चीर नाही. तो हसायला लागला, म्हणाला बघा, उगाच घाबरवताय." मेकॅनिकने माझ्या गाडीचं बॉनेट लावलं. "हसू दे. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे."