साडू, शाडू आणि सुमनचं कपाट

हल्ली माझा माझ्या आठवणीवर फारसा भरवसा राहिलेला नाही. सुमनचा खांदा दुखत होता तो डावा की उजवा, हे मी आत्ता छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला डावा आठवतो, ती म्हणते उजवा. खांदा तिचा असल्यामुळे तिचंच खरं धरून चालू.

किश्शांचं असं असतं की ते घडत असतात तेव्हा आपण घाबरलेले असतो. हसायचं राहून जातं आणि ते कुठेतरी आत कोंबले जातात. मग कधीतरी दार उघडून एक ओढायला जावं, तर चार अंगावर पडतात. आमच्या घरात हे सगळे किस्से एकाच कपाटातून पडतात.

आमचं घर रोह्याच्या अष्टमीत, कुंडलिका नदीचा पूल उतरला की जवळच. सुमन माझी बायको. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि सगळी नोकरी कंपनीत सेफ्टीचं काम बघितलं. म्हणजे काय काय पडू शकतं, फुटू शकतं, पेटू शकतं, याचा विचार करण्याचा मला पगार मिळायचा. रिटायर झाल्यावर पगार थांबला, विचार थांबले नाहीत.

*

आमच्या बेडरूममध्ये भिंतीतलंच खोल कपाट आहे. आत कडप्प्याचे कप्पे, पुढे लाकडी दारं. सगळ्यात वरचा कप्पा इतका उंच, की स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. सुमनचा खांदा धरलेला, तरी तिचं चढणं चालूच.

एकदा धप्पकन आवाज आला. मी पेपर टाकून धावलो. स्टूल आडवं, सुमन जमिनीवर बसलेली, मांडीवर गोधडी.

"पडलीस?" मी स्टूल उचलत विचारलं.

"पडले नाय हो. जरा लवकर उतरले!"

त्या दिवशी मी ठरवलं. वरचा कप्पा कायमचा रिकामा करायचा. खाली माझे कोट टांगायची उभी जागा होती. कोट आता घालतो कोण? त्या जागेत छातीच्या उंचीवर प्लायची एक फळी बसवायची आणि वरचं सगळं सामान तिथे आणायचं. दोन्ही बाजूच्या भिंतींना लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर फळी. सुतार बोलवा म्हणून सुमनने सांगून पाहिलं. पण मला वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्या, एक तरी गोष्ट आपल्या हाताने करून बघावी.

तिथेच घाबरायला सुरुवात झाली. कारण फळीखाली तिच्या साड्या राहणार, साडी काढायला सुमन वाकणार, आणि वाकली की तिचं डोकं बरोबर त्या फळीखाली येणार. फळीवर काय? गोधड्या, आणि तिच्या आईकडचं तांब्याचं घंगाळं!

*

अष्टमीतल्या हसनमियाँचं हार्डवेअरचं दुकान जुनं. मी त्यांना स्क्रूची जाडी विचारली, लांबी विचारली, गंजतो का विचारलं. एक स्क्रू किती वजन पेलेल? समजा एक निसटला तर बाकीचे पेलतील का? भूकंप झाला तर?

हसनमियाँ शांतपणे ऐकत होते. मागे गिऱ्हाइकं जमली. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"डॉक्टरसाब, फळी बसवायचीय का पूल बांधायचाय?"

मागचे सगळे हसले. मीही हसलो. मग हळूच विचारलं, "पुलाचे स्क्रू आहेत का?"

*

आता माझ्या साडूची ओळख. सुमनला एकच बहीण, कुसुम. ती दिलेली पेणजवळ जोह्याला. तिचे यजमान जनूभाऊ, त्यांचा कारखाना आहे. आमच्याकडे रोह्याला कारखाना म्हटलं की चिमणी आणि सायरन आठवतो. जोह्याला कारखाना म्हणजे गणपतींचा! जनूभाऊंचा जन्म शाडूच्या मातीत गेलेला. माझा साडू शाडूचं काम करतो, हा विनोद मी त्यांच्या लग्नापासून करत आलोय आणि ते लग्नापासून हसत आलेत. स्वभावाने फार चांगले.

ड्रिल मशिन त्यांचंच आणलं होतं. पण भिंतीतून विजेची वायर कुठून गेलीय, कोणाला ठाऊक? ड्रिल वायरला लागलं तर? म्हणून मी रबरी चप्पल घातली, कोरड्या पाटावर उभा राहिलो, सुमनला स्वयंपाकघरात पाठवलं, मनातल्या मनात रामरक्षा म्हटली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मशिन ढिम्म.

जनूभाऊंना फोन केला. "तुमचं मशिन बिघडलं हो." बिचारे जवळच्या जिते स्टेशनवरून गाडी पकडून रोह्याला आले. दारावरची बेल दाबली, ती वाजेना. मग कडी वाजवली.

"डॉक्टर, लाइट गेलीय काय?"

"नाही. सेफ्टीसाठी मीच मेन स्विच बंद केलाय."

जनूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग मशिनकडे. मग मशिनच्या वायरीकडे.

"मग ह्ये काय रॉकेलवर चालतंय?"

*

ते परतीच्या गाडीला गेल्यावर मी एकट्याने भोकं पाडली. पण आमच्या भिंतीचं प्लास्टर म्हणजे शिळा पाव. ड्रिल टेकलं की भुगा. करंगळीएवढं भोक पाडायला गेलो, अंगठा जाईल एवढं झालं. त्यात प्लास्टिकची गिट्टी घातली की ती आपली निवांत घरंगळून बाहेर येई. गिट्टीच धरत नाही, तर स्क्रू कशाला धरेल?

मी परत जोह्याला फोन लावला. कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर चालू होता, धड ऐकू येईना.

"घाबरू नका. उद्या शाडू घेऊन येतो," जनूभाऊ ओरडले.

मला ऐकू आलं, "उद्या साडू घेऊन येतो."

मी गारच पडलो. सुमनला एकच बहीण. मग हा दुसरा साडू कुठला?

*

दुसऱ्या दिवशी जनूभाऊ आले ते ओल्या शाडूचा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन.

"भोकात दाबून भरायचा, वर पट्टी ठोकायची. सुकला का दगड!"

मला आतून काहीतरी ओरडून सांगत होतं. माती सुकते म्हणजे पाणी उडून जातं, पाणी गेलं की माती आकसते. हे मला ठाऊक होतं. पण ज्या माणसाने मेन स्विच बंद करून ड्रिल चालवलंय, त्याने कोणत्या तोंडाने बोलायचं? तरी हळूच म्हणालो, "जनूभाऊ, शाडू आकसतो ना?"

"डॉक्टर, आमच्या कारखान्यात त्याच शाडूवर देव बसतो, तुमचं घंगाळं नाय बसणार?"

ते बोलतील ते खरं, आपलं पुस्तकी, असं मला वाटलं. त्यांना त्यांच्या शाडूवर श्रद्धा होती. मला माझ्या ज्ञानावरही नव्हती.

त्यांनी भोकं भरली, स्क्रू पिळून पट्ट्या बसवल्या, फळी ठेवली, ओल्या फडक्याने भिंत पुसून गुळगुळीत केली. मग दोन पावलं मागे सरकले आणि कपाटाला हात जोडले!

"सवय हो," ते ओशाळून म्हणाले.

त्यांच्यामागे मीही जोडले. मला गरज होती.

*

चार-दोन दिवसांनी फळी बोलायला लागली. दार उघडलं की कर्र. घंगाळं हललं की कर्र. मी जेवताना ऐकायचो, आंघोळ करताना ऐकायचो. सुमन बेडरूमकडे निघाली की मीही मागोमाग निघे. तिला म्हटलं, सगळं काढून टाकू. ती म्हणाली, "राहू द्या हो. तुम्ही स्वतः केलंय." आणि हे म्हणताना ती इतकी कौतुकाने बघत होती, की मला फळी काढवेना आणि ठेववेना.

मग मी माळ्यावरून कंपनीतलं माझं पिवळं हेल्मेट काढलं आणि तिला सांगितलं, कपाट उघडताना हे घातल्याशिवाय उघडायचं नाही. तिने मुकाट्याने घातलं. नेमकी त्या दिवशी कुसुम आलेली. तिने दारातून बघितलं, बहीण डोक्यावर हेल्मेट घालून वाकून साडी शोधतेय!

"गो ताई," कुसुम किंचाळली, "कपाट उघडतेस का विहिरीत उतरतेस?"

दोघी बहिणी खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता सुमनची नजर कपाटाकडे गेली आणि तिथेच राहिली. हे मला नक्की आठवतं. निदान तसं मला वाटतं.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच आवाज बंद झाला.

तुम्हाला वाटेल, मी सुटलो. पण कंपनीत काम केलेल्या माणसाला विचारा. पंप घरघरत असतो तोवर माणूस निर्धास्त असतो. तो गप्प झाला की सगळे पळतात. मी धावत जाऊन दार उघडलं. फळी जागेवर, सरळ रेषेत. खाली सुमनने साड्या रचलेल्या, दोन सुंदर थप्प्या, खालच्या कडप्प्यापासून थेट फळीपर्यंत. मध्ये बोट जाईल एवढीही फट नाही. मी म्हटलं, वा! जागेचा काय उपयोग केलाय बाईने!

"आवाज का येत नाही गं?" मी विचारलं.

"फळी झोपली असेल," ती म्हणाली. "तुम्हीपण झोपा."

*

मग एक नवीनच भीती सुरू झाली. सुमन चांगल्या साड्या नेसेनाशी झाली. पैठणी नाही, तिची लाडकी हिरवी इरकल नाही. वर्षभर दांडीवर वाळणाऱ्या त्याच तीन-चार सुती साड्या. पेणला कुसुमच्या मुलीचं लग्न होतं, तिथे मावशी आली ती धुवट सुती साडीत. कुसुमने तिला खोलीत नेऊन स्वतःची साडी नेसवली आणि भर हॉलमध्ये मला गाठलं.

"काय भावोजी, ताईच्या साड्या विकल्यात काय?"

लोक हसले. मी आइस्क्रीमची वाटी तशीच खाली ठेवली. कारण मी मोबाइलवर वाचलं होतं, माणूस आवडीच्या गोष्टी एकाएकी सोडून देतो, ते कशाकशाचं लक्षण असू शकतं. विसरण्याचा आजार. मनाचा आजार. सुमनला विचारलं, तर म्हणे, "आता कुठे मिरवायचंय?" या उत्तराने तर माझी झोपच गेली. इतके दिवस मी फळी पडेल म्हणून घाबरत होतो. आणि इथे माझं माणूसच हळूहळू निसटतंय की काय?

शेवटी माझं बीपी तपासायचं निमित्त करून तिला पेणच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांना आधीच फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी गप्पा मारता मारता तिला वार विचारला, तारीख विचारली, भाचीच्या लग्नातला मेनू विचारला. तिने धडाधड सांगितलं, वर बासुंदी पातळ होती हेही सांगितलं. मग त्यांनी सहज माझ्याकडे वळून विचारलं, "काका, आज वार कोणता?"

"बुधवार," मी म्हणालो.

गुरुवार होता.

डॉक्टर हसले. "काकूंना काही झालेलं नाही. तुम्ही मात्र महिन्याने येऊन जा!"

*

यालाही आता काही वर्षं झाली. यंदा गणपतीच्या आधी घराला रंग द्यायचा होता. सुमन जोह्याला गेली होती. सीझनमध्ये कारखान्यात हात कमी पडतात, म्हणून ती दर वर्षी बहिणीच्या मदतीला जाते. रंगारी यायचे होते. म्हटलं, कपाट आपणच रिकामं करावं.

फळीवरचं सामान जड, ते मागाहून रंगाऱ्याच्या मदतीने काढू, असा सुरक्षित विचार करून मी आधी खालच्या साड्यांना हात घातला. थप्पी हलेना. ओढली, तर पाचर निघावी तशी निघाली. सगळ्यात वर हिरवी इरकल. वर्षानुवर्षं दाबली जाऊन तिची घडी पापडासारखी कडक झालेली.

मग खूप वर्षांनी तो आवाज आला. कर्र.

मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या थप्पीतली पैठणी तोपर्यंत माझ्या हातात आली होती.

फळी खाली आली. पट्ट्या आल्या, गोधड्या माझ्या पाठीवर आल्या आणि घंगाळं घणघणत दारापर्यंत गेलं. मी जमिनीवर बसलो होतो, मांडीवर पैठणी. जरा वेळाने उठून भिंतीतल्या भोकात बोट घातलं. शाडूचा गोळा आकसून फुटाण्याएवढा झाला होता. तो आपणहून माझ्या तळहातावर पडला. एकाही स्क्रूला मातीचा कण चिकटलेला नव्हता.

मी जोह्याला फोन लावला. मागे कॉम्प्रेसर चालू होता.

"सुमन," मी म्हणालो, "मी तुझ्या साड्या काढल्या."

तिने आधी कोणाला तरी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितलं.

"अहो," ती म्हणाली, "हेल्मेट घातलं होतंत ना?"