डाव्या पावलावरची खूण

मानयिंग काकू दारात आलेल्या माणसाचे आधी पाय बघत, मग तोंड. गावात सगळे त्यांना वचकून असत. त्यांचे धाकटे दीर म्हणजे क्रांतीचे मोठे पुढारी तान, आता राजधानीत, पेइचिंगला होते. वीस वर्षांपूर्वी शत्रूच्या शिपायांनी त्यांच्या बायकोला मारलं, तेव्हा त्यांचा दीड वर्षाचा मुलगा आबाओ काकूंच्या कडेवर होता. शिपाई त्यालाही शोधत होते. मिठाच्या फेरीवाल्याच्या टोपलीत घालून आपण त्याला घाटापलीकडं पाठवलं, असं काकू सांगत. ओळख म्हणून डाव्या पावलावर बोटाएवढी काळी जन्मखूण.

नवं राज्य आल्यापासून दरवर्षी कापणी झाली की एखादा आबाओ उगवायचा.

"जोडे काढ."

"काकू, आधी चहा तरी..."

"चहा पायानं पितोस का? काढ."

एकानं अक्रोडाच्या हिरव्या सालीनं खूण रंगवून आणली होती. काकूंनी राखेच्या पाण्यानं त्याचं पाऊल घासलं. "जन्मखूण माझ्या घमेल्यात उतरली की रे," म्हणाल्या, आणि त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. असे नऊ जण आले नि गेले.

दहावा मात्र वेगळा होता, आला तोही वसंतात. मिठाच्या फेरीवाल्यानंच वाढवलेला, लाजरा. "खूण नाही माझ्या पायावर," तो म्हणाला. "पण आई मरताना म्हणाली, तू टोपलीतून आलास."

काकूंनी त्यालाही घालवलं. पण जाताना चुलीवर टांगलेल्या धुरावलेल्या मांसाचा मोठा तुकडा हातात दिला. तो वळणापलीकडं जाईपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या. मी शाळामास्तर, ते नीट पाहिलं. कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा काकाच्या नावावर तालुक्याच्या कचेरीत चिकटला होता. खरा वारस आला तर याला कोण विचारणार, अशी गावात कुजबुज होती. मलाही ती पटली. आज त्याची लाज वाटते.

काकूंना लिहिता येत नसे, पेइचिंगची पत्रं मीच लिही. मजकूर ठरलेला: 'आला तो आपला नव्हता. शोध चालू आहे.' त्या वसंतात मी न विचारता एक ओळ घातली: 'डाव्या पावलावरची जन्मखूण जुळली नाही.' म्हटलं, बापच काय ते ठरवेल.

आठवड्यानं चिंगमिंगचा सण आला. सगळा गाव पूर्वजांची थडगी झाडायला गेला. काकू मात्र टोपली घेऊन भलत्याच वाटेनं निघाल्या, आणि मी मागोमाग. तेलबियांच्या झाडीत जाऊन त्यांनी एका दगडापुढं तांदळाच्या पिठाच्या हिरव्या उंड्यांची वाटी ठेवली. वाटी लहान मुलाची होती. आमच्याकडं अजाण मूल गेलं तर त्याला थडगं नसतं, आणि मोठ्यांनी त्याच्यापुढं काही ठेवायचंही नसतं.

"मास्तर, लपायचं तर खोकू नये."

मी पुढं झालो.

"आबाओ तापानं गेला," त्या म्हणाल्या. "भावजींना बायको गेल्याचं कळून दहा दिवस झाले होते. लढाईवरच्या माणसाला हेही सांगू? म्हणून टोपली रचली, खूण रचली. कुणाच्याच पायावर सापडू नये म्हणून. तो लाजरा पोरगा दुसऱ्याच कुणाचा तरी टाकलेला असणार."

"आणि आता?"

"आता वीस वर्षं झाली. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मला माझी जन्मखुणेची ओळ आठवली. पत्र केव्हाच गेलं होतं.

उत्तर आलं तेव्हा काकू मिरच्या निवडत होत्या. आधी मी माझा गुन्हा सांगितला, मग वाचलं.

'वहिनी, आबाओच्या पावलावर कसलीही खूण नव्हती. तो वर्षाचा होईपर्यंत मीच त्याला अंघोळ घालत होतो. तुम्ही दहातल्या एकालाही आपला म्हणाला नाहीत, तेव्हाच मला शंका आली होती. विचारायचा धीर झाला नाही. तो जिथं असेल तिथं पुढच्या चिंगमिंगला माझीही एक वाटी ठेवा.'

"रागानं लिहिलंय?"

"नाही, काकू."

"परत वाचा."

मी तीनदा वाचलं. काकू मिरच्यांचे हात डोळ्यांना लावून बसल्या.

कापणी झाल्यावर अकरावा आला. उंबऱ्यातच खाली वाकून जोडे सोडू लागला. काकू त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"राहू देत जोडे," त्या म्हणाल्या. "आबाओ लहानपणीच गेला, बाळा. ये, चहा घे."