आमच्याकडे नसलेली लाल सायकल

सहावीत असताना मी एका परदेशी आजीला लेखी थाप मारली, आणि ती आजी थेट आमच्या दारात येऊन उभी राहिली.

आमचं गाव सेलू-पाथरी रस्त्यापासून आत आहे. शाळा शेजारच्या मोठ्या गावात, तीन किलोमीटरवर. त्या शाळेला लागून चर्च होतं आणि चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत मिशनचं केंद्र चालायचं. हातावर पोट असलेल्या घरांतल्या पोरांच्या वह्या, गणवेश, फी, शिकवणी हे सगळं तिथून व्हायचं. प्रत्येक पोराच्या शिक्षणाचा भार बाहेरदेशातलं कुणीतरी एक माणूस उचलायचं. आम्ही बौद्ध. माझं नाव घालायला गेल्यावर वडिलांनी केंद्रातल्या ताईंना आधीच विचारलं, "धर्म बदलावा लागंल का?" ताई म्हणाल्या, "न्हाई दादा. फक्त दर शनिवारी तिला पाठवावं लागंल." वडील सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांना सौदा पटला. मला तर लयच पटला, कारण शनिवारी खिचडी असायची आणि गाणी असायची.

माझ्या वाट्याला एक आजी आली होती. थंड देशातली, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. दर तीन महिन्यांनी तिला पत्र लिहायचं. ताई ते इंग्रजीत करून पाठवायच्या. पत्राचा छापील कागद असायचा आणि त्यात रिकाम्या जागा भरायच्या. एका खेपेला ओळ होती, "मी शाळेत ______ जाते." माझ्या शेजारच्या पोरीनं 'पायी' लिहिलं. तिच्या शेजारचीनं 'पायी' लिहिलं. सगळी बाकडी पायी चालली होती. मला काय झालं कोण जाणे, मी लिहिलं 'सायकलवर'. पान उलटून मागं आणखी लिहिलं, की सायकल लाल आहे आणि घंटी वाजवली की कालव्यावरचे बगळे उडतात.

चार महिन्यांनी खोकं आलं. आत हेल्मेट. निळं, त्यावर पिवळी फुलपाखरं. सोबत चिठ्ठी, 'माझ्या सायकलवालीसाठी.'

वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "सायकल कुठंय?"

मी म्हटलं, "ते चुकून आलंय."

माय अंगणवाडीत मदतनीस होती. दिवसभर पोरांच्या थापा ऐकायची. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि भाकरी थापायला लागली. मी मात्र हेल्मेट सोडायला तयार नव्हते. ते घालून मी शाळेत चालत जायची. रस्त्यानं जाणारे जीपवाले थांबून विचारायचे, "काय पोरी, पडायचं भ्या वाटतंय का?"

जानेवारीत ताईंनी मला शिकवणीतून बाहेर बोलावलं. चेहरा नुसता खुललेला. "तुझी आजी यायलीय! दहा दिवसांनी. तुझ्या घरी. तिला तुझी सायकल बघायचीय."

मी तिथंच पायरीवर बसले आणि सगळं ओकून टाकलं.

ताई रागावल्या नाहीत. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुझे पाय रोज गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले असतात. सायकलवाल्याचे असे भरतात का? पण मला वाटलं, ती थोडीच इथं बघायला येणार आहे!" मग त्याच हसायला लागल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "आता दोन कामं करायची. तिला खरं सांगायचं, स्वतःच्या तोंडानं. आणि तोवर सायकल शिकायची. माझी घेऊन जा."

त्यांची सायकल काळी होती, बिनदांड्याची, पुढं टोपली. मी ती हातानं ढकलत घरी आणली. मायला सगळं सांगावं लागलं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चल."

कालव्याच्या कडेचा सपाट रस्ता आम्ही धरला. सकाळी अंगणवाडीच्या आधी एक फेरी, शाळा सुटल्यावर दुसरी. माय सीट धरून मागं पळायची. "म्होरं बघ! चाकाकडं कामून बघायलीस, ते कुठं पळून जायलंय का!" मी पडायची, ती उचलायची. चौथ्या दिवशी मी बाभळीत घुसले आणि रडत बसले. डोळे पुसून वर पाहते तर माय सायकलवर. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, माझं हेल्मेट डोक्यावर, आणि तोंडानं "आगं आगं आगं" असं ओरडत ती सरळ चालली होती. वळता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं. पुढं एक म्हातारा शेळ्या घेऊन येत होता. शेळ्या चारी दिशांना पांगल्या, म्हातारा बांधावर चढला आणि माय शेवटी ओल्या गवतात आडवी झाली. मी धावत गेले. ती आभाळाकडं बघत पडून होती आणि हसत होती. तिला असं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दातांवर पदर न घेता, मोठ्यानं.

"बाई गं," ती म्हणाली, "वारं लागतंय खरंच."

मी शिकायच्या आत माय शिकली. मग तिनं मला दोन दिवसांत शिकवलं.

आजी आली ती पांढऱ्या जीपमधून. उंच, गुलाबी, पांढरे केस कापलेले, पायात बूट. बरोबर ताई आणि कार्यालयातले एक घाबरट साहेब. अख्खी गल्ली जमली. आजीनं मला बघितलं आणि मिठीच मारली. तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता. मी पाठ केलेलं वाक्य विसरले. मग मराठीतच बोलले, "आजी, माझ्याकडं लाल सायकल नव्हती. मी खोटं लिहिलं. ही ताईंची हाय. पण आता मला येते." ताईंनी इंग्रजीत सांगितलं. आजीचे डोळे मोठे झाले. उत्तराची वाट बघवेना म्हणून मी सायकल घेतली आणि विहाराला एक फेरी मारून परत आले. घंटी सारखी वाजवत.

आजी बाजेवर बसून हसत होती. इतकी, की साहेबांनी पाण्याची बाटली उघडली. मग ती ताईंशी बोलायला लागली, आणि बोलता बोलता ताईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

"काय म्हणायल्यात?" मायनं विचारलं.

"त्या म्हणतात, ते हेल्मेट त्यांचंच होतं. निवृत्त झाल्यावर सायकल शिकायची म्हणून घेतलं होतं. पण धीरच झाला नाही. त्यांना अजून सायकल येत नाही."

मग मायनं पुन्हा पदर खोचला. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आजीच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. "उठा, माय. बसा."

साहेब पुढं झाले. "अहो, नको नको, वय झालंय त्यांचं, जबाबदारी आमच्यावर आहे..." आजीनं त्यांना हातानंच बाजूला केलं. तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी मायचं सगळं कळत होतं.

पहिल्या खेपेला ती शेजाऱ्याच्या अंगावर गेली. दुसऱ्या खेपेला साहेबांच्या. तिसऱ्या खेपेला मायनं सीट धरली, वडिलांनी हँडल धरलं, मागं आम्ही वीसएक पोरं, त्यामागं बाया. आणि मध्येच मायनं हात सोडला. वडिलांनीही सोडला. आजी एकटी चालली होती! पंधरा पावलं, वीस पावलं. ती तिच्या भाषेत काहीतरी ओरडत होती आणि आम्ही आमच्या भाषेत. मग समोर तुराट्यांची गंजी आली आणि आजी सायकलसकट आत गेली. बाहेर फक्त बूट दिसत होते.

आम्ही तिला ओढून काढलं. केसांत तुराट्या, गालावर ओरखडा. ती मायच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींना थोपटत बराच वेळ हसत उभ्या राहिल्या. साहेब घड्याळ बघत होते आणि त्यांच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

दहावीपर्यंत आजीनं मला शिकवलं. पुढं मी नर्सिंग केलं, आज परभणीत नोकरी करते. आजीची पत्रं येत राहिली, पण त्यातली अर्धी मायसाठी असायची. ती मीच वाचून दाखवायची आणि मायचं उत्तरही मीच लिहायची.

ताईंची सायकल मात्र तेव्हा, आजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. माय म्हणाली, दोन दिवस राहू दे. सकाळी शेजारची काकू आली, "मला बी बसवून बघ की." तिच्यामागं तिची जाऊ आली. ताईंना सायकल मिळाली ती उन्हाळ्यात, पुढची टोपली चेपलेली आणि गल्लीतल्या सहा बायका शिकून झालेल्या.