जांभळं पिल्लू आणि परीक्षकांची मिशी

रंगाच्या दुकानात तीस वर्षं डबे ढवळून त्याच्या डोळ्यांना एक खोड लागली होती. लोकांना जी भिंत नुसती पांढरी दिसे, तिच्यात त्याला अठरा पांढरे दिसत. गिऱ्हाइकाने 'साधा पांढरा द्या' म्हटलं की घरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखा त्याचा चेहरा होई. गल्लीत सगळे त्याला शेडकार्ड म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ देई.

त्याची बायको छापखान्यात प्रुफं तपासायची. घरातल्या औषधाच्या बाटल्यांवरच्या चुकासुद्धा तिने तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवल्या होत्या. अशा या दोघांना एकच वेड होतं, ते चिंचिलाचं. चिंचिला म्हणजे सशाहून लहान, खारीसारख्या शेपटीचा, मोठ्या कानांचा प्राणी. त्याची लोकर इतकी दाट की आत पाणी शिरलं तर लवकर सुकत नाही. म्हणून तो पाण्याने नव्हे, बारीक मातीत लोळून आंघोळ करतो.

मागच्या खोलीत मधोमध खडूची रेघ होती. रेघेच्या एका बाजूला बायकोचे आठ पिंजरे. त्यांत फक्त करडे, चिंचिला पाळणाऱ्यांच्या संघाच्या नियमपुस्तिकेबरहुकूम: पाठीवर निळसर झाक, पोट पांढरंशुभ्र, पिवळेपणा औषधालाही नाही. दुसऱ्या बाजूला शेडकार्डचे आठ: काळे, पांढरे, बदामी, आणि एक दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचा नर. त्याला घरात चहावाला म्हणत.

"अहो, नियमपुस्तिकेत बसत नाही तो प्राणी नव्हे, छपाईची चूक," बायको म्हणे.

"अगं, सगळे सारखेच हवेत तर एकच पाळ, आणि भोवती आरसे लाव."

असं वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं. पण चिंचिलाला उकाडा सोसत नाही, आणि खोलीतला एसी म्हातारा झाला होता. सोळा पिंजऱ्यांचं ओझं त्याला पेलेना. तो कण्हायचा, थरथरायचा, मधेच गप्प बसायचा. शेवटी बायकोने कागदावर करार लिहिला: संघाच्या यंदाच्या प्रदर्शनात ज्याच्या प्राण्याला आपल्या वर्गात पहिली फीत मिळेल, खोली त्याची. दोघांना मिळाली किंवा कुणालाच नाही मिळाली, तर चिठ्ठी टाकायची. हरणाऱ्याचे आठही प्राणी तिच्या भावाकडे जायचे. भावाला त्यांची कधीपासून हाव होती.

"भाऊजी, पिंजरे रंगवून तयार ठेवलेत हं," मेहुणा म्हणाला. "पांढरे. साधे पांढरे."

शेडकार्डने सही केली खरी. पण त्याला आजवर फीत मिळाली नव्हती. 'इतर रंग' हा वर्ग प्रदर्शनात सगळ्यात शेवटी येई, तोवर परीक्षक कंटाळलेले आणि प्रेक्षक चपला शोधत असलेले. त्यांना जागेवर खिळवायचं तर कुठल्याच कार्डावर नसलेला रंग हवा होता.

तसा डाव त्याने आधीच मांडला होता. बायकोची एक करडी मादी मागून घेऊन त्याने चहावाल्याशी जोडी लावली होती. एकशे अकरा दिवस वाट पाहिली, आणि एकच पिल्लू झालं. करडं.

"सुरेख आहे हो," बायको म्हणाली.

"मीठ चोळू नकोस," तो म्हणाला.

पिल्लू आंघोळीच्या वयाचं झालं तेव्हा त्याने त्याला दुकानातला एक रिकामा पत्र्याचा डबा पुसून, आंघोळीची माती भरून आणून दिला. पिल्लाला डबा फार आवडला. ते दिवसातून दोनदा त्यात गडाबडा लोळे आणि पत्रा खरवडून काढी. पंधरा दिवसांनी शेडकार्डने पिल्लू खिडकीशी धरलं. पाठीवर जांभळी झाक होती! आठवड्याने ती आणखी गडद झाली.

"रंग चढतोय!" तो घरभर नाचला.

"जन्मल्यावर दोन महिन्यांनी?" बायकोने चष्म्यावरून पाहिलं.

"काही रंग सुकल्यावरच खुलतात."

"अहो, ते पिल्लू आहे, भिंत नाही."

तिची बोटं तांबड्या पेन्सिलीसाठी शिवशिवत होती. पण पिंजरा खडूच्या रेघेपलीकडे होता, आणि रेघ तिनेच आखलेली होती. ती नियमाची पक्की.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच बायकोच्या एका करड्या नराने पहिली फीत पटकावली. आता सगळी भिस्त जांभळ्यावर. शेडकार्डने खबरदारी म्हणून त्याला निघण्याआधी तीनदा डब्यात लोळवलं होतं.

'इतर रंग' पुकारला गेला. परीक्षक गृहस्थ जाडजूड, पांढरा कोट, पांढरी झुपकेदार मिशी. त्यांनी दिव्याखाली पिल्लू पाहिलं आणि त्यांची जांभई अर्ध्यावर थांबली. प्रेक्षक पुढे सरकले. चपला शोधणारे परत आले. शेडकार्डची छाती फुगली.

लोकरीची दाटी पाहायची तर तिच्यावर फुंकर मारतात, हा त्या कामाचा रिवाजच आहे. परीक्षकांनी गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली.

एक जांभळा ढग उठला. तो परीक्षकांच्या चष्म्यावर, कोटावर आणि मिशीवर सावकाश बसला. ते शिंकले. त्या शिंकेने आणखी ढग उठला, म्हणून ते पुन्हा शिंकले. पाचव्या शिंकेला पुढची रांग जांभळी झाली.

शेडकार्ड त्या मिशीकडे टक लावून पाहत होता. तीस वर्षांच्या सवयीने रंगाचा नंबर तोंडातून मोठ्याने निघून गेला, "चारशे बारा! गर्द जांभळा!"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग मागून मेहुण्याचं हसू ऐकू आलं.

"म्हणजे रंग तुम्ही लावलात?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही हो... डबा..." बिचाऱ्याला आत्ता कळत होतं. अठरा पांढरे ओळखणाऱ्याला डब्याच्या सांध्यात अडकलेली दुकानातली रंगाची पूड ओळखता आली नव्हती. खरं तर ओळखायचीच नव्हती.

परीक्षकांनी 'बाद' असं लिहिलं. मग फडक्याने पिल्लाची पाठ पुसता पुसता ते थांबले. जांभळ्याखालून करडा निघाला होता. त्यांनी पुन्हा फुंकर मारली, या खेपेला अंग चोरून. "असा करडा मी बारा वर्षांत पाहिला नाही," ते हळूच म्हणाले. "करड्यांच्या वर्गात आणला असता तर सकाळची फीत याचीच होती."

सगळे मेहुण्याच्या गाडीतून परतले. घर आल्यावर मेहुण्याने विचारलं, "मग भाऊजी, आठ पिंजरे कधी आणू?"

"उद्या आण," शेडकार्ड म्हणाला, आणि चहावाल्यापाशी जाऊन बसला.

बायकोने फीत खुंटीला अडकवली, ओलं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून खडूची रेघ पुसायला लागली.

"खोली माझी, बरोबर?"

"बरोबर."

"मग इथे कोण राहील ते मी ठरवणार. आणि माझ्या फितीत काही अर्थ नाही. माझ्या नराहून सरस करडा तुमच्या चहावाल्याचा निघाला. पुस्तिका मी दोनदा वाचली. चांगला करडा करड्यांच्याच पोटी जन्मतो, असं तिच्यात कुठेच लिहिलेलं नाही." ती भावाकडे वळली. "तू आठच ने, पण चार माझे आणि चार यांचे. चहावाला आणि पिल्लू सोडून."

"आणि ताई, तुमच्यापाशी उरलेले?"

"एकत्र. मधे रेघ नाही. आणि अहो, दुकानाचे कपडे दाराबाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे. डबा आत्ता बाहेर."

शेडकार्ड डबा घेऊन उठला. कोपरापर्यंत हात धुवायला त्याला अर्धा तास लागला.

आठवड्याने संघाचं पत्र आलं. परीक्षकांनी खाजगीत विचारलं होतं की चारशे बारा कशाने निघतो. मिशी तीनदा धुतली, पण रंग उलट गडद दिसतो. शेडकार्डने उलट टपाली कळवलं, "सुकल्यावर खुलतोच तो. धीर धरा."

पाकीट बंद करण्याआधी बायकोने त्यात तांबड्या पेन्सिलीने एक ओळ घातली: "किंवा पुढच्या वर्षी 'इतर रंग' वर्गात नाव नोंदवा."