शनिवारचा मेल आणि आसेगावच्या बाया

पुण्याच्या प्रकाशनातला संपादक फोनवर फार गोड बोलायचा. तुमच्या कथा मला आवडल्या, असं त्यानं इतक्या वेळा सांगितलं की पुढं 'पण' येणार हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. "पण मॅडम, आता पुस्तक काढायच्या आधी वाचक दाखवावा लागतो. तुम्ही न्यूजलेटर सुरू करा. दर आठवड्याला ईमेलवर एक कथा पाठवायची. पाचशे लोक जोडा, मग आपण लगेच छापायला घेऊ."

म्हणजे मुलगी पसंत आहे, पण वऱ्हाड आधी जमवून दाखवा. राग तर असा आला! पण मंगरूळपीरला बसून लिहिणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बाईला राग परवडत नाही. स्वयंपाक उरकून, मुलांचे डबे भरून जे काही लिहिलं होतं त्याचं एक पुस्तक व्हावं, एवढंच मला आयुष्यात अजून पाहिजे होतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मी न्यूजलेटर शिकले.

आमच्या ह्यांचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे. ते म्हणाले, "कथा कोन वाचते? खाली वांग्याचा भाव टाकत जाय, मंग पाह्य लोकं कसे येतात." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

पहिले वाचक अर्थातच नातेवाईक. सगळे म्हणाले, पाठव पाठव. आता ह्या न्यूजलेटरचा एक दुष्टपणा असा की कोणी मेल उघडला आणि कोणी नाही ते लिहिणाऱ्याला दिसतं. "वहिनी, काय सुंदर लिहिता हो" म्हणणाऱ्या माझ्या नणंदेनं एकही मेल उघडलेला नव्हता. तरी पुढच्या लग्नात मी तिच्याशी हसून बोलले, त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

मग संक्रांत आली. आसेगावला माहेरी, भावाच्या घरी हळदीकुंकू होतं, आणि तिथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. वाण म्हणून दिलेली वस्तू बाई नाकारत नाही, आणि एकदा घेतली की देणारीला नाही म्हणायची तिची हिंमत होत नाही. मी चहाच्या गाळण्या आणल्या. प्रत्येकीला कुंकू लावलं, हातात गाळणी ठेवली आणि म्हटलं, "आता तुमचा ईमेल द्या."

मला वाटलं होतं, ईमेल म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल. कशाचं काय! एकेकीनं पर्समधून प्लॅस्टिक चढवलेलं कार्ड काढलं. त्यावर पेनानं ईमेल लिहिलेला. सगळ्या कार्डांवर अक्षर एकाच माणसाचं होतं, हे मला दिसलं. पण एवढे वाचक एकदम मिळत असताना अक्षर कोण पाहत बसतो?

गल्लीतल्या बायांची पुढारी असलेल्या एका काकूनं फक्त विचारलं, "याच्यावर काय येईन?"

"कथा येईल."

"अन पैसे?"

"पैसे नाही, काकू."

"बरं. येऊ दे मंग."

आणि चमत्कार झाला. मंगरूळपीरचे, अकोल्याचे, पुण्याचे वाचक मेल तसाच ठेवायचे. आसेगावच्या बाया मात्र शनिवारी दुपारी सगळ्याच्या सगळ्या मेल उघडायच्या, आतली कथेची लिंकही दाबायच्या. एकही सुटायची नाही. मी ह्यांना मोबाइल दाखवला आणि वांग्याचा भाव न टाकता हे झालंय, असं ऐकवलं. काकूच्या ओळखीनं आणखी बाया जोडल्या गेल्या, पाचशेचा आकडा भरला. संपादक खूश होता. करार पाठवतो म्हणाला.

आला तो करार नाही, फोन. त्याचा गोड आवाज पार गेला होता. "मॅडम, आमच्या माणसानं तुमच्या न्यूजलेटरचा हिशेब तपासला, तुमच्या आसेगावच्या सगळ्या वाचक एकाच कॉम्प्युटरवरून कथा उघडतात. हे बोगस आहे. आमच्याकडे असं चालत नाही."

बोगस! अंगाची लाही लाही झाली. आधी रडले, मग भांडी आपटली, आणि शनिवारी आसेगावची एसटी धरली.

स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचं दुकान आहे. काकू तिथंच असेल, असं वहिनीनं सांगितलं होतं. दारात चपलांचा ढीग. आत जमिनीवर बाया दाटीवाटीनं बसलेल्या आणि दुकानदार कॉम्प्युटरसमोर बसून माझी कथा मोठ्यानं वाचत होता. कुठल्याही योजनेचा फॉर्म भरताना ईमेल लागतो, तर गावातल्या प्रत्येक बाईचा ईमेल त्यानंच काढून दिला होता, कार्डही त्यानंच लिहून दिलं होतं. पासवर्ड सगळे त्याच्याकडे.

"ताई, पयल्या शनिवारी मले वाटलं योजनेचंच काही आलं," तो म्हणाला. "एकदम साऱ्याइले मेल! मी धडाधड फोन लावले, लवकर या म्हनलं."

"मी तुरीची सोंगनी टाकून आली," काकू म्हणाली. "म्हनलं पैसे आले. अन हा वाचते काय, तं दोन जावांचं भांडन."

"मग?"

"मंग काय. एवढ्या दुरून आली होती, आयकलं. पन ते मोठी जाऊ खोटं बोलून राह्यली होती. तू तिले सोडून काहून देल्लं?"

कथा एकच आहे तर मेल एवढे सगळे कशाला उघडतोस, असं मी दुकानदाराला विचारलं. तो हैराण होऊन म्हणाला, "एकीचा उघडला अन दुसरीचा नाई, तं भांडन करतेत ना ताई. माह्यावाला काहून नाई उघडला म्हनतेत. मले साऱ्याइचा उघडून दाखवा लागते."

मला इतका आनंद झाला की चपला घालूनच मी आत शिरले. तिथूनच पुण्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. "हे घ्या तुमचे बोगस वाचक," म्हटलं. सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. मोठ्या जावेचा निकाल संपादकाकडेच मागितला. तो हसायला लागला, त्याचा गोड आवाज परत आला. म्हणाला, "मावशी, मग ताईंचं पुस्तक निघालं तर तुम्ही सगळ्या विकत घ्याल ना?"

काकूनं प्रामाणिकपणे विचार केला. "कायले?" ती म्हणाली. "आमाले शनिवारी येते ना."

"अन वाचून तं हाच दाखवते," दुसरी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

संपादकाचं हसू थांबलं. मग तो म्हणाला, "बघू मॅडम, पुढच्या वर्षी बघू." पुण्याच्या माणसाच्या 'बघू'चा अर्थ वाशीम जिल्ह्यातही कळतो. फोन बंद झाला. मला काकूचा भयंकर राग आला, आणि ती खरं बोलली म्हणून जास्तच आला. ज्यांना दाखवून पुस्तक मिळवायचं होतं त्यांनीच ते बुडवलं होतं. डोळे भरून आले. पदर डोळ्यांना लावला, तर कोणाचं लक्षच नाही.

काकू दुकानदाराकडे वळली. "झालं असन त्याइचं, तं वाच ना पुढं. ते पोरगी कवाची बापाच्या दारात उभी हाय."

तो वाचू लागला. ती मुलगी आत जाते की दारातूनच परत फिरते, हे मीच लिहिलेलं होतं, मला पाठ होतं. तरी मी चपला काढल्या. काकू जरा सरकली आणि मी तिच्या शेजारी खाली बसले.